भोंगा तोंडाने वाजवून दाखवा : गिरणगावच्या आठवणींवर प्रायोगिक लघुपट कसा करावा

गिरणगावावर, म्हणजे मुंबईतल्या कापडगिरण्यांच्या भागावर, लघुपट करायचा म्हटले की काही ठरलेली चित्रे आपोआप समोर येतात. धूर न सोडणारी चिमणी, तिच्यामागे काचेचा मनोरा, कठड्याला टेकून दूर पाहणारे आजोबा आणि या सगळ्यावर सारंगी. यात खोटे काही नाही. पण ही चित्रे इतक्या वेळा दाखवून झाली आहेत की पाहणाऱ्याला त्यांत आता काहीच दिसत नाही.

दुसरी अडचण याहून मोठी आहे. इथल्या माणसांना आठवणी विचारल्या की ती इतिहास सांगू लागतात. १८ जानेवारी १९८२ रोजी कामगार नेते डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेला गिरणी संप, त्यात उतरलेले सुमारे अडीच लाख कामगार, आणि रीतसर कधीच मागे न घेतलेला तो लढा, हे त्यांनी पत्रकारांना, विद्यार्थ्यांना आणि नातवंडांना इतक्यांदा सांगितले आहे की सांगून सांगून ती हकिकत गुळगुळीत झाली आहे. माझ्या पहिल्या लघुपटासाठी मी अशा तेरा मुलाखती घेतल्या आणि घरी येऊन ऐकल्या, तेव्हा तेरा जणांनी जवळजवळ तीच वाक्ये उच्चारली होती. आठवण त्या वाक्यांत नव्हती. ती हातांच्या सवयीत, कानांत आणि राहत्या जागेच्या मापात होती, आणि तिथून ती काढायची तर मुलाखतीचा साचा मोडावा लागतो. प्रायोगिक लघुपटाचा उपयोग नेमका इथे होतो. तो कसा करावा, हे पुढे माझ्या चुकांसह मांडले आहे.

पसारा आवरावा

लालबाग, परळ, शिवडी, नायगाव, वरळी, चिंचपोकळी, डिलाईल रोड हा सगळा मुलूख दहा मिनिटांत मावत नाही. एक मजला निवडावा. उदाहरणच द्यायचे तर १९२० च्या दशकात बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने बांधलेल्या बीडीडी चाळी घ्या. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी मिळून त्या २०७ इमारती होत्या. प्रत्येक इमारत तळमजला अधिक तीन मजल्यांची, मजल्यावर २० खोल्या आणि खोली १६० चौरस फुटांची. एका मजल्यावरची वीस बिऱ्हाडे एका लघुपटाला पुरून उरतात.

निवडतानाच इमारतीची ठेवण नीट पाहावी, कारण लघुपटाचा प्रकाश तिथेच ठरतो. बीडीडी चाळीत खोल्या दोन्ही बाजूंना आणि मधून व्हरांडा जातो, त्यामुळे तिथे भर दुपारीही अंधार असतो आणि उजेड फक्त उघड्या दारांतून पट्ट्यापट्ट्यांनी येतो. लालबाग-गिरगावकडच्या खासगी चाळींना बहुधा बाहेरून उघडी गॅलरी असते. तिथे माणूस कठड्याशी उभा राहिला की त्याच्यामागे आभाळ येते आणि चेहरा काळा पडतो. या दोन जागांचे लघुपट सारखे होऊच शकत नाहीत.

पहिले काही आठवडे कॅमेरा घरी ठेवावा

पाणी येण्याच्या वेळेला जावे. पिंपे, कळश्या आणि बादल्या भरल्या जात असतात त्या पाऊण तासात मजल्याचे सगळे नातेसंबंध उघडे पडतात. कोण कोणाची बादली पुढे सरकवते, कोण कोणाशी बोलत नाही, कोणाच्या दाराशी थांबून चहा घेतला जातो, हे कोणत्याही प्रश्नावलीतून कळत नाही. जवळ एक वही ठेवावी आणि तिचे तीन रकाने करावेत. पहिल्यात वेळ, दुसऱ्यात आज त्या वेळेला ऐकू येणारा आवाज आणि तिसऱ्यात पूर्वी त्याच वेळेला काय ऐकू यायचे ते. तिसरा रकाना आपल्याला भरता येत नाही, तो विचारूनच भरावा लागतो, आणि हे विचारणे हीच ओळख करून घेण्याची सर्वांत सोपी रीत आहे. आवाजाबद्दल विचारले की कोणी भाषण करत नाही.

याच काळात मंडळाच्या कार्यालयात चक्कर मारावी. गणेशोत्सव मंडळांचे जुने वार्षिक अहवाल कपाटात पडून असतात. त्यांत वर्गणीदारांची नावे, रकमा, नाटकाच्या तालमींचा खर्च आणि आता नसलेल्या दुकानांच्या जाहिराती सापडतात. वर्गणीच्या यादीतून एखादे नाव कोणत्या वर्षी नाहीसे होते ते शोधत बसलो, तेव्हा संपाचे पुढचे परिणाम मला कोणत्याही भाषणापेक्षा जास्त स्पष्ट दिसले. चित्रीकरण मात्र गणेशोत्सवात सुरू करू नये, कारण त्या दिवसांत प्रत्येक जण आधीच कोणाच्या तरी कॅमेऱ्यासाठी सजलेला असतो.

एक नियम ठरवावा आणि तो त्या जागेतूनच घ्यावा

प्रायोगिक म्हणजे विस्कळीत, असा एक गैरसमज आहे. उलट कथापटापेक्षा इथे शिस्त जास्त लागते, कारण कथेचा आधार नसल्यामुळे बांधून ठेवणारा एखादा नियम लागतोच. मुंबईला हे नवे नाही. १९४८ मध्ये स्थापन झालेल्या फिल्म्स डिव्हिजन या सरकारी चित्रपट संस्थेत साठच्या दशकाच्या उत्तरार्धात प्रमोद पती आणि एस. एन. एस. शास्त्री या दिग्दर्शकांनी चक्क सरकारी खर्चाने असे प्रयोग केले.

नियम बाहेरून आणला की तो कसरतीसारखा दिसतो. गिरणगावात असे नियम पडलेलेच आहेत, फक्त ते उचलता आले पाहिजेत. गिरणीचा दिवस तीन पाळ्यांत चालायचा. कोकणातल्या किंवा घाटावरच्या एकाच गावचे पुरुष मिळून गाळा घ्यायचे आणि प्रत्येकाची ट्रंक भिंतीला लावलेली असायची. एक जण पाळीवर गेला की त्याच्या जागी रातपाळीहून आलेला दुसरा पथारी टाकायचा. एवढ्यातूनच एक लघुपट उभा राहतो. कॅमेरा एका जागी, चौकट एकच, जमिनीचा तोच तुकडा, आणि दिवसाच्या तीन प्रहरांत त्या तुकड्यावर आज काय काय घडते ते. सकाळी तिथे कोथिंबीर निवडली जाते, दुपारी मुलगा मोबाइलवर अभ्यास करतो, रात्री गादी पडते. आवाज मात्र गाळ्यात राहिलेल्या माणसाचा, आणि तोही फक्त झोपेबद्दल बोलणारा.

नियम एका वाक्यात सांगता आला पाहिजे. सांगता येत नसेल तर तो अजून सापडलेला नाही असे समजावे आणि पुन्हा वहीकडे वळावे.

भोंग्याचे प्रकरण

गिरणीचा भोंगा हा गिरणगावाचा घड्याळाइतकाच पक्का आवाज होता, आणि तो लघुपटात हवा असे प्रत्येकाला वाटते. मग कोठून तरी तयार आवाज उतरवून घेतला जातो, जो बहुधा परदेशातल्या कारखान्याचा किंवा युद्धकाळातल्या धोक्याच्या सूचनेचा असतो. तिथेच जाणकार प्रेक्षक लघुपटातून उठून जातो.

मी एका निवृत्त साचेवाल्याला, म्हणजे गिरणीत मागावर काम केलेल्या कामगाराला, सहज म्हणालो, "काका, भोंगा कसा वाजायचा ते तोंडाने वाजवून दाखवा ना." ते आधी लाजले, मग त्यांनी छाती भरून श्वास घेतला आणि डोळे मिटून एक लांब, खालून वर चढत जाणारा आवाज काढला. तो थांबल्यावर आतून त्यांच्या पत्नी म्हणाल्या, "एवढा लांब नव्हता हो. दूध उतू जायच्या आत संपायचा." वेगवेगळ्या गिरण्यांच्या आसपास राहिलेल्या लोकांकडून असे दहा-बारा भोंगे गोळा करावेत. कोणाचा घोगरा, कोणाचा तुटक, कोणाला शेवटी खोकला येतो. ज्यांनी भोंगा कधी ऐकलाच नाही त्या मुलांनाही काढायला सांगावे, कारण त्यांचा भोंगा ऐकीव असतो आणि आठवण एका पिढीतून दुसरीत जाताना तिचे काय होते ते त्यात उघड ऐकू येते.

ध्वनिमुद्रण करताना दोन गोष्टी पाळाव्यात. भोंगा अचानक मोठा होतो, म्हणून रेकॉर्डरची पातळी बोलण्याच्या पातळीपेक्षा बरीच खाली ठेवावी, नाहीतर आवाज फाटतो आणि फाटलेला आवाज नंतर दुरुस्त होत नाही. आणि भोंगा संपल्यावर निदान वीस सेकंद रेकॉर्डर बंद करू नये. त्या वीस सेकंदांत माणूस हसतो, गप्प होतो किंवा न विचारता काहीतरी बोलतो. माझ्या लघुपटातली सर्वांत चांगली तीन वाक्ये तिथलीच आहेत.

हीच रीत हातांच्या आठवणीला लागू पडते. जुन्या साच्यावर, म्हणजे मागावर, धोट्याच्या (आडवा धागा नेणाऱ्या नळीच्या) भोकातून दोरा तोंडाने ओढून काढायची पद्धत होती, त्याने छातीत कापसाचे तंतू जायचे. त्याबद्दल प्रश्न विचारण्यापेक्षा हातात एक बॉबिन आणि थोडे सूत द्यावे आणि कॅमेरा फक्त हातांवर ठेवावा. तुटलेला धागा चिमटीत धरून गाठ मारायला त्या बोटांना आजही क्षणभर पुरतो, पण ती गाठ कशी मारली हे सांगायला सांगितले तर सांगता येत नाही.

खडूची खोली

बीडीडी चाळींचा पुनर्विकास म्हाडामार्फत सुरू आहे आणि रहिवाशांना १६० ऐवजी ५०० चौरस फुटांची घरे मिळणार आहेत. काही जण संक्रमण शिबिरात गेले, काही नव्या मनोऱ्यांत. ज्या खोलीवर लघुपट करायचा ती खोलीच नाही, अशी वेळ आता वारंवार येते. तेव्हा हा प्रयोग करून पाहावा.

गच्चीवर किंवा वाहनतळावर खडूने १६० चौरस फुटांचा आयत आखावा. दहा बाय सोळा धरला तरी चालते, पण त्या घरातल्या माणसाला आधी माप विचारावे, कारण त्याने सांगितलेले माप खऱ्यापेक्षा किती लहान किंवा मोठे आहे हीसुद्धा एक आठवणच असते. मग त्याला दार, मोरी, ओटा, देव्हारा, पलंग आणि पोटमाळ्याची शिडी खडूने काढायला सांगावी. कॅमेरा वरच्या मजल्यावरून सरळ खाली रोखलेला आणि स्थिर असावा. शक्य असेल तर दोन भावंडांना वेगवेगळ्या दिवशी, एकमेकांचे रेखाटन न दाखवता बोलवावे. मी बोलावलेल्या बहीण-भावाने सगळे सामान जवळजवळ सारखे मांडले. फक्त आपापली झोपायची जागा सांगताना दोघांनीही भिंतीकडेचा तोच कोपरा दाखवला. तो वाद मी सोडवला नाही. दोन्ही चित्रे एकमेकांवर अर्धपारदर्शक ठेवली आणि त्या कोपऱ्यावर दोन माणसे एकत्र आडवी झालेली दिसू दिली.

पावसाळ्यात हे जमत नाही. पण आखून झाल्यावर पाऊस आलाच तर कॅमेरा झाकावा, बंद करू नये.

प्रकाश, चित्र आणि आवाज यांचे हिशेब

आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची असल्यामुळे जुन्या ट्यूबलाइटखाली चित्रण करताना सेकंदाला २५ चौकटी आणि १/५० शटर ठेवावे, म्हणजे चित्र लुकलुकत नाही. स्वस्त एलईडी दिव्यांचा भरवसा नसतो, त्यांच्याखाली आधी अर्धा मिनिट चित्रण करून मोठ्या पडद्यावर पाहून घ्यावे. मोबाइलवर काम करत असाल तर फोकस, रंगतोल (व्हाइट बॅलन्स) आणि प्रकाशमान (एक्सपोजर) तिन्ही कुलूपबंद करावेत. मोबाइल चौकटींचा वेग मधेमधे बदलतो, त्यामुळे वेगळा मुद्रित केलेला आवाज दहा मिनिटांत पुढेमागे सरकू लागतो. संकलनाला बसण्याआधी सगळे चित्रण स्थिर वेगात रूपांतरित करून घ्यावे. खोली लहान म्हणून फार रुंद भिंग लावण्याचा मोह होतो, तो टाळावा. रुंद भिंगातून १६० चौरस फुटांची खोली दिवाणखान्यासारखी दिसते आणि विषयच बदलतो. दारात उभे राहून, दाराची चौकट चित्रात ठेवूनच चित्रण करावे, कारण चाळीत माणसे एकमेकांना तशीच पाहतात.

घरगुती छायाचित्रे जागच्या जागी, घरमालकाच्या देखत स्कॅन करावीत, बाहेर नेऊ नयेत. चार बाय सहा इंचांचे छायाचित्र ६०० डीपीआयवर, म्हणजे इंचाला ६०० ठिपके धरून, स्कॅन केले तर २४०० बाय ३६०० ठिपके मिळतात, तेवढे पूर्ण चौकटीला पुरतात. एखाद्याच चेहऱ्याजवळ जायचे असेल तर १२०० डीपीआय ठेवावे. ही छायाचित्रे पडद्यावर नुसती सरकवण्यापेक्षा लहान प्रोजेक्टरने त्याच खोलीच्या भिंतीवर पाडून पुन्हा चित्रित करावीत. भिंतीचे पोपडे, कॅलेंडरचा खिळा आणि मधूनच जाणाऱ्या माणसाची सावली त्यांत मिसळते. गणपतीच्या आरासीसमोर १९७० च्या सुमारास काढलेले एक छायाचित्र असे पाडले, तेव्हा त्यातल्या मुलीच्या चेहऱ्यावर आजच्या विजेच्या मीटरचा लाल ठिपका येत होता. तो मी मुद्दाम राहू दिला.

आवाजासाठी ४८ किलोहर्ट्झ आणि २४ बिट हे प्रमाण पुरेसे आहे. प्रत्येक खोलीत कोणी न बोलता एक मिनिट नुसती शांतता मुद्रित करावी, कारण प्रत्येक खोलीची शांतता वेगळी असते आणि संकलनात जोड लपवायला तीच लागते. फ्रिजची घरघर बोलण्याखाली कायमची बसते, म्हणून तो बंद करावा लागतो. एका आजींकडे मी तो पुन्हा सुरू करायला विसरलो आणि त्यांचे दोन लिटर दूध नासले. तेव्हापासून फ्रिज बंद करताना मी माझ्या घराची किल्ली त्यात ठेवतो.

संमती आणि हक्क

चाळीत दार उघडे असते म्हणून परवानगी असते असे नव्हे. संमती मुद्रणाआधी घ्यावीच, शिवाय कच्चे संकलन झाल्यावर त्या माणसाला त्याचा भाग दाखवून पुन्हा विचारावे. कर्ज, व्यसन, गावी परत गेलेला नवरा, खानावळ चालवून घर ओढलेली बाई, या गोष्टी ओघात सांगितल्या जातात आणि दुसऱ्या दिवशी सांगणाऱ्याला पस्तावा होतो. तो भाग निमूटपणे काढून टाकावा. इमारतीच्या समितीचे पत्र घ्यावे. बंद गिरण्यांच्या आवारात, रेल्वेच्या हद्दीत आणि ड्रोनसाठी स्वतंत्र परवानग्या लागतात, आणि माझ्या मते या तिन्हींवाचून हा लघुपट जास्त चांगला होतो.

गाण्यांबाबत सावध राहावे. गिरणगाव म्हटले की अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि गवाणकर या शाहिरांच्या लाल बावटा कलापथकाची आठवण निघते आणि कोणीतरी लावणी म्हणू लागते. कायद्यानुसार रचनाकाराच्या निधनानंतर ६० वर्षे स्वामित्वहक्क टिकतो. अण्णा भाऊ १९६९ मध्ये गेले, म्हणजे त्यांच्या रचनांवरचा हक्क २०२९ च्या अखेरपर्यंत आहे. वारसांची किंवा हक्कधारकांची लेखी परवानगी मिळवावी, नाहीतर गाणे सुरू होण्याआधीचा गळा साफ करण्याचा आवाज तेवढा ठेवावा.

संकलन

इथे सगळ्यात जास्त वेळ जातो आणि जायला हवा. पहिला मोह असतो तो सांगितलेली गोष्ट दाखवण्याचा. आजी मोरीबद्दल बोलल्या की मोरी दाखवायची, भोंगा म्हटले की चिमणी दाखवायची. असे केले की प्रेक्षक ऐकणे सोडून नुसती पडताळणी करू लागतो. मी स्वतःला घालून घेतलेला नियम असा की जी वस्तू आवाजात आहे ती त्याच वेळी चित्रात येणार नाही. ती आधी येईल किंवा बऱ्याच नंतर येईल. मोरीत आपटणाऱ्या पाण्याचा आवाज सुरुवातीला काळ्या पडद्यावर ऐकू येतो आणि मोरी सहाव्या मिनिटाला दिसते, तेव्हा पाहणाऱ्याला ती ओळखीची वाटते. त्या जागेची थोडीशी आठवण तोवर त्याच्याही मनात तयार झालेली असते.

विसंगती साफ करू नयेत. एक जण संपाचे साल चुकीचे सांगतो, दुसरा भलत्याच गिरणीचे नाव घेतो. खरी तारीख एकदाच, एका पाटीवर, शक्यतो शेवटी द्यावी आणि बोलणे आहे तसे ठेवावे. बोलीही तशीच राहू द्यावी. या मजल्यांवर मालवणी, सातारकडची मराठी आणि विणकर कुटुंबांची तेलुगू शेजारी शेजारी नांदली आहे. उपशीर्षके लिहिताना सगळ्यांना एकाच प्रमाण भाषेत बसवले की वीस बिऱ्हाडांचे एकच बिऱ्हाड होते.

लांबी आठ ते बारा मिनिटे ठेवावी. कोणते चित्र किती वेळ ठेवायचे याचा अंदाज येत नसेल, तर त्या चित्रातले काम पूर्ण व्हायला जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ द्यावा. गोधडीची घडी पूर्ण होईपर्यंत कात्री लावू नये. सगळ्या मूळ ध्वनिचित्रफितींच्या तीन प्रती असाव्यात, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांतली एक दुसऱ्या घरी ठेवावी.

दाखवणे

भारतात जाहीर प्रदर्शनासाठी सेन्सॉर प्रमाणपत्र लागते, मात्र महोत्सवांना माहिती व प्रसारण मंत्रालयाकडून सूट मिळवता येते आणि ती आयोजक पाहतात. लघुपट व माहितीपटांसाठीचा मुंबई आंतरराष्ट्रीय महोत्सव १९९० पासून भरतो, तिथे अर्ज जरूर करावा. पण त्याआधी पहिला खेळ त्याच मजल्यावर व्हावा. चौकात किंवा व्हरांड्याच्या टोकाला पांढरी चादर ताणावी, रात्रीची जेवणे आटोपल्यावर सुरू करावे, आणि ध्वनिक्षेपक प्रेक्षकांच्या मागे न ठेवता चादरीखाली ठेवावा, म्हणजे आवाज चित्रातून येतो.

आमच्या पहिल्या खेळात तोंडी भोंग्यांचा भाग संपला आणि पुढे बसलेल्या सहा-सात वर्षांच्या मुलाने तसाच भोंगा काढला. लोक हसले. मागून एक आजी म्हणाल्या, "असा नाही रे, शेवटी खाली यायचा," आणि त्यांनी तो काढून दाखवला. त्यावर तिसऱ्या खोलीतल्या काकांनी त्यांचा काढला, आणि मग लघुपट तसाच चालू असताना दहा मिनिटे व्हरांडाभर भोंगे वाजत राहिले. माझा रेकॉर्डर पिशवीत होता, बंद. दुसऱ्या खेळाला तो चादरीच्या बाजूला, प्रेक्षकांकडे तोंड करून, पहिला माणूस येऊन बसायच्या आधीच सुरू केला होता.